मिनी: दहा फुटांचा हिशेब

(पडद्यावर: जुन्या मिनीचं पुढचं चाक आणि दरवाजा, अगदी जवळून.)

ही शिवण बघा. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून निघून चाकामागे तिरकी खाली उतरणारी, बाहेर आलेली पत्र्याची कड. बाकीच्या गाड्यांमध्ये असे जोड आत लपवलेले असतात. इथे ते उघडे आहेत, कारण बाहेरून जोडलं की वेल्डिंग सोपं होतं आणि आतली जागा खर्ची पडत नाही. पहिल्या गाड्यांमध्ये दरवाजांच्या बिजागऱ्यासुद्धा बाहेरच होत्या.

आता शेजारी उभी असलेली २००१ सालची मिनी. तीच तिरकी रेघ तिच्यावरही आहे, जवळपास त्याच जागी. पण या रेघेमागे वेल्डिंग नाही. बॉनेटची कड कुठे संपवायची हे ठरवताना कुणीतरी जुन्या शिवणीची आठवण ठेवली आहे, एवढंच.

मिनीवर जीव टाकणाऱ्या माणसांचं नव्या मिनीशी असलेलं नातं या रेघेत सापडतं. ती दिसली की बरं वाटतं. आणि लगेच काहीतरी टोचतं.

काय टोचतं ते समजायचं, तर १९५६च्या अखेरीच्या ब्रिटनमध्ये जावं लागेल. सुएझ कालव्यावरच्या संघर्षामुळे तेलाचा पुरवठा आटला होता आणि डिसेंबरपासून पेट्रोल रेशनवर आलं. रस्त्यांवर बुडबुड्यासारख्या इवल्याशा जर्मन गाड्या दिसू लागल्या. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या बिलकूल आवडत नसत. त्यांनी अभियंते ॲलेक इसिगोनिस यांना काम सोपवलं: छोटी गाडी करा, पण खरीखुरी, चार माणसांची. आणि इंजिन आपल्याकडे आहे त्यातलंच वापरा.

इसिगोनिस यांचा जन्म १९०६ सालचा, स्मर्ना शहरातला, म्हणजे आजच्या इझमीरमधला. मॉरिस मायनर ही गाजलेली गाडी त्यांचीच. हाताशी येईल त्या कागदावर रेखाटनं करत ते विचार करायचे. मिनी करताना त्यांनी आधी आखली ती एक पेटी. दहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. त्यातली सहा फूट लांबी माणसांची. इंजिन, गिअरबॉक्स आणि सामान यांनी उरलेल्या चार फुटांत काय ते भागवायचं.

(पडद्यावर: बॉनेट उघडतं. आडवं इंजिन.)

आणि ते भागवलं कसं, ते बघण्यासारखं आहे. इंजिन आडवं बसवलं. गिअरबॉक्सला शेजारी जागा उरली नाही, तेव्हा तो इंजिनच्या पोटाखाली, तेल साठवणाऱ्या भांड्यातच, म्हणजे सम्पमध्ये, बसवला; इंजिन आणि गिअर दोघंही एकाच तेलावर चालतात. ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट गेला. चाकं अवघी दहा इंचांची. एवढ्या छोट्या चाकांसाठी डनलॉपने खास टायर बनवून दिले. स्प्रिंगसुद्धा जागा खातात, म्हणून अभियंते ॲलेक्स मोल्टन यांनी त्यांच्याऐवजी रबराचे शंकू बसवले. गाडी इतकी हलकी, की चालक एकटा असताना आणि चार माणसं भरल्यावर तिच्या वजनात मोठाच फरक पडतो. रबराचं असं असतं, की दाबत जावं तसतसं ते अधिकाधिक कडक होतं. मग एकच शंकू दोन्ही वेळा पुरतो.

खिडकीच्या काचा सरकत्या ठेवल्या. काच खाली उतरायची नाही, म्हणून दरवाजा आतून पोकळ, म्हणून दरवाजात हे भलेमोठे कप्पे. स्पीडोमीटर मधोमध, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, डॅशबोर्ड बदलायला नको. आणि माझी सगळ्यांत आवडती गोष्ट मागच्या बाजूला आहे. डिक्कीचं झाकण खालच्या कडेला बिजागरीवर बसवलेलं आहे. ते उघडून आडवं ठेवायचं, त्याच्यावर सामान लादायचं आणि तसंच निघायचं. मग नंबरप्लेट जमिनीकडे तोंड करणार! म्हणून पहिल्या गाड्यांमध्ये ती प्लेटच वरच्या कडेला लटकती ठेवली होती. झाकण आडवं झालं की ती आपोआप सरळ लोंबायची.

२६ ऑगस्ट १९५९ रोजी ही गाडी लोकांसमोर आली. लांबी ३.०५ मीटर, इंजिन ८४८ सीसी, वजन ६०० किलोच्या आसपास, किंमत करासकट ५०० पौंडांच्या आत. मिनीचं रूप गोंडस आहे हे सगळेच म्हणतात. पण ते गोंडस व्हावं म्हणून कुणी काढलेलं नव्हतं. पेटी आखली, माणसं बसवली, चाकं चार कोपऱ्यांत ढकलली, आणि जे उरलं त्याला आपण मिनीचा चेहरा म्हणतो.

चाकं कोपऱ्यांत असल्याचा आणखी एक परिणाम झाला. गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहू लागली. शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांनी तिच्यात दमदार इंजिन घातलं, आणि १९६४, १९६५ आणि १९६७ साली मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली. १९६६ सालीही पहिले तीन क्रमांक तिचेच होते, पण पुढच्या दिव्यांवरून आक्षेप घेऊन ते काढून घेण्यात आले.

(पडद्यावर: पाऊस. पुढची जाळी. जाळीमागे रबराचा हातमोजा.)

आणि आता तिचा दोष. प्रेम करणाऱ्या माणसाने तोही सांगितला पाहिजे. इंजिन आडवं बसवल्यावर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणारा भाग, आला थेट पुढच्या जाळीमागे. मोठा पाऊस लागला की पाणी जाळीतून सरळ त्याच्यावर, आणि गाडी भर रस्त्यात बंद. त्यावर मालकांनी शोधलेला उपाय हा असा. घरातला रबरी हातमोजा घ्यायचा, बोटांची टोकं कापायची, एकेका बोटातून स्पार्क प्लगची एकेक वायर बाहेर काढायची आणि मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा. चार सिलिंडरच्या चार वायरी आणि मधली एक. बोटं बरोबर पाच. जुन्या गाड्या बाळगणारे आजही हे करतात. त्या मोज्याविषयी बोलताना त्यांचा स्वर तक्रारीचा नसतो, घरातल्या हट्टी म्हाताऱ्याविषयी बोलावं तसा असतो.

पैशाचाही हिशेब तितकासा बसला नव्हता. फोर्डच्या अभियंत्यांनी एक मिनी विकत घेऊन सुटी केली, प्रत्येक भागाची किंमत मांडली, आणि प्रत्येक गाडीमागे कंपनीला सुमारे ३० पौंडांचा तोटा होत असणार असा निष्कर्ष काढला, असं सांगितलं जातं.

बदलांवरची नाराजी २००१ साली सुरू झाली असं आपल्याला वाटतं, पण ती त्याहून जुनी आहे. १९६९ साली बिजागऱ्या आत गेल्या, काचा खाली उतरू लागल्या आणि दरवाजातले ते मोठे कप्पे गेले. त्याच वर्षी मिनीचीच चौकोनी नाकाची आवृत्ती, क्लबमन, आली. नव्या काळाचा चेहरा म्हणून ती आणली होती. १९८० साली क्लबमन बंद झाली आणि गोल चेहऱ्याची जुनी मिनी तिच्यानंतर आणखी २० वर्षं बनत राहिली. शेवटची गाडी ४ ऑक्टोबर २००० रोजी लाँगब्रिजच्या कारखान्यातून बाहेर पडली. एकूण ५३ लाखांहून अधिक.

(पडद्यावर: १९९७च्या दोन प्रायोगिक गाड्या.)

मधल्या काळात, १९९४ साली, बीएमडब्ल्यूने रोव्हर ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर मिनीही आली. पुढची मिनी कशी असावी यावर ब्रिटिश आणि जर्मन मंडळींचे मार्ग वेगळे होते. रोव्हरच्या रचनाकारांनी केलेली स्पिरिच्युअल ही गाडी १९९७च्या जिनिव्हा प्रदर्शनात ठेवली होती. इंजिन मागच्या आसनाखाली, लांबी सुमारे ३.१ मीटर, आत चौघांना ऐसपैस जागा. चेहरा मात्र मिनीचा नव्हता. दुसरा मार्ग बीएमडब्ल्यूचे रचनाकार फ्रँक स्टीफन्सन यांचा. मिनी दर दहा वर्षांनी नव्याने घडत गेली असती, १९६९, १९७९, १९८९ असे टप्पे घेत, तर शतकाच्या शेवटी ती कशी दिसली असती, असा विचार त्यांनी केला. निवड स्टीफन्सन यांच्या गाडीची झाली.

ती २००१ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली इथल्या कारखान्यातून आली. लांबी ३.६३ मीटर, रुंदी १.६९, वजन हजार किलोच्या वर. मोल्टन यांनी तिच्या आकारमानावर उघड टीका केली. ज्यांनी स्प्रिंगची जागा वाचवण्यासाठी रबराचे शंकू घडवले, त्यांना ही गाडी बघून काय वाटलं असेल! बाहेरून अर्धा मीटर वाढली, तरी मागे बसणाऱ्याचे गुडघे पुढच्या आसनाला टेकलेलेच, आणि डिक्की पूर्वीइतकीच जेमतेम.

पण ज्यांनी ती चालवली, त्यांतले कितीतरी जण विरघळले. चाकं पुन्हा कोपऱ्यांत होती. स्टिअरिंग जरासं हललं की गाडी वळायची. या आकाराच्या गाडीत सहसा न दिसणारं, खर्चिक मल्टिलिंक सस्पेन्शन, म्हणजे चाकाला अनेक दांड्यांनी धरणारी रचना, मागच्या चाकांना दिलं होतं. तिची वेगवान आवृत्ती कूपर एस घ्या. इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरची ती बारीक शीळ एकदा कानात बसली की जात नाही. मी जुन्या मिनीच्या बाजूचा माणूस आहे, तरीही सांगतो, ही गाडी मनापासून बनवलेली आहे. २००७ मध्ये तिची दहा लाखावी गाडी बाहेर पडली. काउलीचा कारखाना चालू राहिला तो तिच्या जिवावर.

सुरक्षेच्या बाजूनेही बोललं पाहिजे. जुन्या मिनीत चालकाचे पाय आणि पुढचं बंपर यांच्यामध्ये फारसं काही नाही. टक्कर सोसून चुरगळणारा पुढचा भाग नाही, बहुतेक गाड्यांत एअरबॅग नाहीत, पेट्रोलची टाकी डिक्कीत. दहा फुटांची ती पेटी आज जशीच्या तशी रस्त्यावर उतरवायला कुठलाही कायदा परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पादचाऱ्याच्या डोक्याला मार कमी लागावा म्हणून बॉनेट आणि इंजिन यांच्यात मोकळी जागा लागते. बॉनेट उंच होतं, की मग पुढचा सगळा चेहराच वर सरकतो. ही वाढ कुणाच्या हौसेपोटी झालेली नाही.

सगळी वाढ मात्र या कारणाने झालेली नाही. २०१४ची तीन दरवाजांची गाडी ३.८२ मीटरची. पाच दरवाजांची जवळजवळ ४ मीटरची. कंट्रीमन हे नाव मुळात १९६० सालच्या, पाठीमागे लाकडी पट्ट्या लावलेल्या छोट्या मिनीचं. ती होती ३.३० मीटरची. याच नावाची २०२३ची गाडी ४.४३ मीटरची आहे. मिनी या शब्दाचा अर्थ ज्याला ठाऊक आहे, त्याने तिच्याशेजारी उभं राहून बघावं. २०१८ पासून मागच्या दिव्यांमध्ये ब्रिटिश झेंड्याच्या रेघा आल्या. कुणाला त्यात अभिमान दिसतो. मला, जी गोष्ट गाडीत असायला हवी होती ती दिव्यात काढून दाखवल्यासारखं वाटतं.

जुन्या नावाने परतलेल्या बाकी गाड्यांची कथाही फार वेगळी नाही. फोक्सवॅगनच्या न्यू बीटलने मूळ गाडीचं मागचं इंजिन पुढे आणलं, गोल्फ या गाडीच्या सांगाड्यावर जुनी कमान चढवली आणि डॅशबोर्डवर फुलदाणी ठेवली. फियाट ५०० तर मूळ गाडीला नेमकी ५० वर्षं झाली त्या दिवशी, ४ जुलै २००७ रोजी परतली. तिचंही इंजिन मागून पुढे आलेलं.

एक बदल मात्र हळूहळू घडत गेला. २००१च्या गाडीला ज्यांनी नावं ठेवली होती, त्यांच्यातलेच काही आज कूपर एसची गंज न लागलेली गाडी शोधत फिरतात. नंतरच्या प्रत्येक मिनीला आता तिचंच माप लावलं जातं.

(पडद्यावर: नव्या इलेक्ट्रिक कूपरचा डॅशबोर्ड.)

आताच्या इलेक्ट्रिक कूपरमध्ये डॅशबोर्डच्या मधोमध २४ सेंटिमीटर व्यासाचा गोल पडदा आहे. वेग, नकाशा, गाणी, सगळं त्यावर. तो सुंदर आहे, आणि गोल का आहे हे जुन्या मिनीचा मधोमध बसवलेला गोल स्पीडोमीटर आठवणाऱ्या मिनीवाल्यांना सांगावं लागत नाही. पण मला राहूनराहून वाटतं, इलेक्ट्रिक मोटर इंजिनपेक्षा केवढी लहान असते. गिअरबॉक्स तेलात बुडवायची गरजच उरली नाही. बॅटरीचं वजन आहे, कबूल. तरी दहा फुटांची पेटी पुन्हा एकदा आखून बघायला याच्याइतकी चांगली वेळ आली नव्हती. गाडी आली ती ३.८६ मीटरची.

(पडद्यावर: गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम.)

मिनीची पुढची आवृत्ती इसिगोनिस यांनी स्वतःही केली होती. १९६०च्या दशकाच्या शेवटी. नाव ९एक्स. नवं इंजिन, नवा सांगाडा, मागे वर उघडणारा दरवाजा. मिनीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर आखूड, आणि आत मिनीपेक्षा जास्त जागा. १९६८ साली कंपन्यांचं विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड तयार झाली, प्राधान्यं बदलली आणि हा प्रकल्प मागे पडला. प्रायोगिक गाडी उरली, ती इथे आहे.

गोल चेहरा, बाहेरच्या शिवणी, बिजागऱ्या, यांतलं काहीही त्यांनी जपलं नाही. पेटी तेवढी पुन्हा आखली, आणि या वेळी दहा फुटांपेक्षा लहान.