झेंडे खाली ठेवा, आणि निघालाच असाल तर घेऊन जा

नमस्कार मंडळी. आज जरा लांबची गोष्ट सांगणारे, युरोपच्या संसदेतली. युरोपियन पार्लमेंट म्हणतात ती. नावं परकी आहेत, लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही, मी मधून मधून परत सांगेन. तुम्ही फक्त एवढं धरून ठेवा, की २७ देश, ७२० खासदार, २४ भाषा, त्या सगळ्यांच्या समोर उंचावर एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसलेल्याच्या हातात माइक चालू ठेवायचा की बंद करायचा ते. आज बोलायचंय ते त्या माइकबद्दलच.

ही संसद भरते दोन गावांत. मोठी अधिवेशनं वर्षातून १२ वेळा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला, आणि समित्या, छोटी अधिवेशनं बेल्जियममधल्या ब्रुसेल्सला. म्हणजे दर महिन्याला पेट्या भरायच्या, ट्रकात घालायच्या, चार दिवस तिकडे काढायचे की परत बांधाबांध. आपलं विधिमंडळ हिवाळ्यात नागपूरला जातं ना तसंच, फक्त आपण वर्षातून एकदा जातो. तिकडेही या खर्चावरून लोक कायम बोटं मोडतात. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, नागपूरचं अधिवेशन बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलेलं नाही, राज्य काय एकट्या मुंबईत राहतं का, डिसेंबरात मंत्र्यांना जरा विदर्भातले मोर्चे जवळून बघू देत की. असो.

तर खुर्ची. अध्यक्ष निवडतात अडीच वर्षांसाठी. सध्या आहेत रोबर्टा मेट्सोला, माल्टा नावाच्या पाचएक लाख वस्तीच्या बेटावरच्या. जानेवारी २०२२ मध्ये त्या निवडून आल्या, त्यांच्या आधीचे अध्यक्ष इटलीचे डेव्हिड सासोली पदावर असतानाच वारले होते. पण अध्यक्ष काही सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीत बसत नाहीत, त्यांच्या हाताखाली १४ उपाध्यक्ष असतात, ते पाळीपाळीने बसतात. चौदा! आणि आपल्याकडे २०१९ ते २०२४ अख्खी लोकसभा एकही उपाध्यक्ष न निवडता पार पडली, राज्यघटनेत पद लिहिलेलं असताना. मला हे कधी पटलं नाही, आणि त्यावर कोणी फारसं बोललंही नाही.

आता बसतात कसे, तर देशाप्रमाणे नाही, पक्षगटाप्रमाणे. फ्रान्सचे सगळे एका बाकावर असं चित्र तिथे दिसणार नाही, समाजवादी समाजवाद्यांत, उजवे उजव्यांत. बोलायची वेळ आधीच गटागटात वाटून दिलेली असते, आणि ती वेळ म्हणजे किती, तर बऱ्याच जणांच्या वाट्याला एक मिनिट. एक मिनिट हो. आपल्याकडे 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणेपर्यंत एक मिनिट संपतं, शाल-श्रीफळाचं तर सोडाच.

आणि हे मिनिट २४ भाषांत. प्रत्येक भाषेतून बाकीच्या २३ भाषांत म्हटलं तर गुणाकार होतो ५५२. तेवढ्या जोड्यांचे दुभाषे कुठून आणणार, त्यामुळे माल्टीजमधून फिनिशमध्ये जायचं असेल तर आधी इंग्रजीत करायचं आणि तिथून पुढच्याने फिनिश करायचं असंही चालतं. एखाद्याने जोक केला तर आधी त्याच्या भाषेतले हसतात, मग इंग्रजी ऐकणारे, मग शेवटी कुठेतरी कोपऱ्यात चारजण हसतात आणि तोवर हा बिचारा पुढच्या गंभीर मुद्द्यावर पोचलेला असतो. खुर्चीला हे सगळं सांभाळायचं असतं. एक मिनिटात सगळं बसवायचं म्हणून कोणी भाषण घडाघडा वाचायला लागला की वरून आवाज येतो, जरा हळू, दुभाष्यांना जमत नाहीय.

मतदानाचं थोडक्यात सांगतो. साधे ठराव हात वर करून. खुर्चीतला माणूस सभागृहावर नजर फिरवतो आणि सांगतो, मंजूर, नामंजूर. कोणाला शंका आली की तो ओरडतो, मोजा! मग बटनं दाबायची, आकडे पडद्यावर. एकेका दिवशी दुरुस्त्या शेकड्यांनी असतात, त्यामुळे खुर्ची अक्षरशः पाढे म्हटल्यासारखी चालते, मतदान सुरू, मतदान बंद, मंजूर, पुढचं. आणि यात चुका होतात. २६ मार्च २०१९ला कॉपीराइटच्या कायद्यावर, दुरुस्त्या मताला घ्यायच्या की नाहीत एवढ्याच प्रश्नावर मतदान झालं आणि ३१२ विरुद्ध ३१७, म्हणजे पाच मतांनी ते पडलं. मग दहाएक खासदार म्हणायला लागले, अहो आम्ही चुकून भलतंच बटन दाबलं! त्यांना नियमाप्रमाणे नोंद दुरुस्त करून मिळाली. निकाल? निकाल तोच राहिला. परत सांगतो, नोंद बदलता येते, निकाल बदलत नाही. खुर्चीने एकदा 'बंद' म्हटलं की बंद.

बरं, आता ज्यासाठी मी आज आलोय ती गोष्ट. ही मी मित्रांना इतक्यांदा सांगितलीय की ते आता झेंडा म्हटलं की उठून जातात, पण तुम्ही काही उठून जाऊ शकत नाही, फार तर स्टेशन बदलाल, तर ऐका.

तारीख २९ जानेवारी २०२०. गाव ब्रुसेल्स. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडणार, ब्रेक्झिट म्हणतात ते, दोनच दिवस उरलेत, ३१ला सगळं संपणार. त्या आधी युरोपच्या संसदेने बाहेर पडण्याच्या करारावर मत द्यायचंय, आणि गंमत अशी की ब्रिटनचे ७३ खासदार त्या मतदानालाही हजर, म्हणजे स्वतःच्याच निरोप समारंभात मत द्यायचं.

त्याच दिवशी आधी त्याच सभागृहात दुसरा एक कार्यक्रम झालेला. नाझींची आउशविट्झची छळछावणी सुटली त्याला ७५ वर्षं झाली म्हणून. लिलियाना सेग्रे नावाच्या इटलीच्या सिनेटर, तेव्हा ८९ वर्षांच्या, लहानपणी त्या छावणीतून जिवंत परतलेल्या, त्या बोलल्या. दुसऱ्या एका छावणीतल्या एका मुलीने काढलेल्या चित्राबद्दल त्यांनी सांगितलं, काटेरी तारांवरून उडणारं पिवळं फुलपाखरू. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

आता खुर्चीत कोण, तर मरेड मॅगिनेस. आयर्लंडच्या. उपाध्यक्ष. बाई मूळच्या शेतीच्या पत्रकार, आयर्लंडच्या सरकारी टीव्हीवर काम केलेल्या, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या, माइक म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको. आणि पक्ष कुठला, तर फाइन गेल, म्हणजे तेव्हाचे आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर यांचाच पक्ष. वराडकर म्हणजे आपल्या मालवण तालुक्यातल्या वराडचे हो, वडील तिथले. महिन्याभरापूर्वीच, डिसेंबर २०१९च्या अखेरीला, ते गावी येऊन गेले होते. तेव्हा आपल्या पेपरांनी घर, देऊळ, जेवणात काय होतं सगळं छापलं, पण या माणसाच्या देशाची हद्द ब्रेक्झिटमुळे कशी अडकलीय हे कोणी दोन ओळीत सांगेल तर शप्पथ. मला या 'आपला माणूस' प्रकाराचा मनस्वी कंटाळा आहे, आणि तरी बघा, मी पण नाव घेतलंच.

तर बोलायला उठले ब्रिटनचे नायजेल फराज, ब्रेक्झिट पार्टीचे पुढारी. हा माणूस १९९९पासून त्या संसदेत, ती संसद आपल्याला नको हे सांगण्यासाठी निवडून येत राहिलेला. वीस वर्षं तिथलं मानधन घेऊन. खुर्चीशी त्याचं जुनं भांडण. २०१०मध्ये त्याने युरोपियन कौन्सिलच्या, म्हणजे युनियनमधल्या देशांच्या प्रमुखांच्या बैठकीच्या, अध्यक्षांना तोंडावर सांगितलं होतं की तुमचा करिष्मा ओल्या फडक्याएवढा आहे आणि दिसता बँकेतल्या खालच्या क्लार्कसारखे. तेव्हाचे संसदेचे अध्यक्ष येर्झी बुझेक यांनी दहा दिवसांचा भत्ता कापला, साधारण तीन हजार युरो. आता यात बँकेतल्या क्लार्कनी काय घोडं मारलं होतं मला कळलेलं नाही, आमच्या शाखेतला क्लार्क त्या शाखेच्या मॅनेजरपेक्षा जास्त कामाचा आहे. पण ते जाऊ दे.

फराज शेवटचं भाषण करतोय. रंगात आलाय. आता पैसे देणं नाही, तुमचं कोर्ट नाही, कोणी आम्हाला वरून बोलणार नाही. मग म्हणाला, आमचं युरोपवर प्रेम आहे, आम्हाला फक्त युरोपियन युनियनचा तिरस्कार वाटतो. आणि शेवटाला आला. मला माहितीय तुम्हाला आमची आठवण येणार, आमचे राष्ट्रध्वज तुम्हाला नकोत हेही माहितीय, पण आम्ही तुम्हाला हात हलवून निरोप देणार... आणि एवढं म्हणताना त्याने आणि त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या ब्रेक्झिट पार्टीवाल्यांनी छोटे छोटे युनियन जॅक वर काढले आणि हलवायला लागले. आणि पुढे सार्वभौम देश म्हणून तुमच्याबरोबर काम करायला...

खट्. माइक बंद.

वाक्य पुरं व्हायच्या आत. तोंड हलतंय, झेंडे हलतायत, आवाज नाही.

आणि वरून मॅगिनेसबाईंचा आवाज, अजिबात न चढलेला. नियम मोडलात तर माइक बंद होतो. झेंडे काढा प्लीज. मिस्टर फराज, झेंडे काढा. सभागृहात झेंडे, फलक फडकवायचे नाहीत हा नियम, आणि तो शेवटच्या दिवशीपण नियमच. खाली गोंधळ, फराज म्हणतोय संपलं सगळं, झालं, त्याची माणसं उठून हिप हिप हुर्रे करतायत. बाई काय म्हणाल्या असतील? मला इथे दरवेळी हसू येतं. म्हणाल्या, कृपया खाली बसा, आपापल्या जागा घ्या, झेंडे ठेवून द्या, तुम्ही निघालाय, आणि आत्ताच निघत असाल तर तेही बरोबर घेऊन जा. गुडबाय.

बस्स. एवढंच. ज्या टोनमध्ये आपण म्हणतो ना की छत्री राहिली बघा तुमची, त्या टोनमध्ये. ना भाषण, ना देशाचा अपमान, ना लोकशाहीवर प्रवचन. आपल्याकडे टीव्हीवरच्या चर्चेत अँकर पाहुण्यापेक्षा मोठ्याने ओरडतो, त्याच्या हातात तर सगळ्यांचे माइक असतात, मग ओरडायचं कशाला, दाबा की बटन.

पण खरी जागा पुढे आहे. फराज आणि त्याची माणसं उठून गेली, सभागृह जरा शांत झालं, आणि मॅगिनेसबाईंनी एक गोष्ट काढली. आत्ताच्या भाषणात तिरस्कार हा शब्द वापरला गेला. आज आधी आपण इथे जे ऐकलंय ते ऐकल्यावर, आपण कोणाचाच, कुठल्याच देशाचा, कुठल्याच लोकांचा तिरस्कार करू नये असं मला वाटतं. म्हणजे सेग्रेबाई ज्या सभागृहात बोलून गेल्या त्याच सभागृहात हा शब्द आला होता, आणि तो खुर्चीच्या कानात राहिला होता. झेंड्याच्या गडबडीत सुद्धा. मला विचाराल तर माइक बंद करणं कोणालाही येईल, हे ऐकून ठेवणं येत नाही.

मग संध्याकाळी मतदान. ६२१ बाजूने, ४९ विरुद्ध, १३ तटस्थ. ब्रिटन बाहेर. आणि निकाल लागल्यावर उरलेल्या खासदारांनी उभं राहून, एकमेकांचे हात धरून, जुनं स्कॉटिश निरोपाचं गाणं म्हटलं, काहीजण रडत होते. आता संसदेत गाणं म्हणायची सोय कुठल्या नियमात आहे? पण त्या वेळी कोणाचा माइक बंद झाला नाही. पुढे ब्रिटनच्या ७३ जागांपैकी २७ इतर देशांत वाटल्या, ४६ राखून ठेवल्या, आणि ७५१ची संसद ७०५ची झाली, ती २०२४च्या निवडणुकीपासून परत ७२०.

आणि एक, हे फार कोणाच्या लक्षात नसतं. त्याच दिवशीच्या, त्याच २९ जानेवारीच्या कामकाजात आपला विषय होता. नागरिकत्व दुरुस्ती कायदा, सीएए. त्यावर ठराव आणला होता. आपले लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी दोन दिवस आधी तिकडचे तेव्हाचे अध्यक्ष सासोली यांना पत्र लिहिलं होतं की एका संसदेने दुसऱ्या संसदेच्या कायद्यावर निवाडा देणं बरं नाही. म्हणजे एका खुर्चीचं दुसऱ्या खुर्चीला पत्र. कायद्याबद्दल तुमचं मत काय, माझं काय, ते आज बाजूला ठेवू. चर्चा झाली, पण मतदान पुढे ढकलायचं की नाही यावरच आधी मतदान झालं. २७१ म्हणाले ढकला, १९९ म्हणाले नको, १३ तटस्थ. मार्चवर गेलं, आणि मार्चमध्ये जगाला दुसरंच काहीतरी लागलं, ते मतदान राहिलं ते राहिलंच.

मॅगिनेसबाई त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपियन कमिशनर, म्हणजे युनियनच्या मंत्र्यासारख्या, झाल्या, वित्तीय सेवांच्या खात्याच्या, आणि २०२४पर्यंत त्या पदावर होत्या. म्हणजे तेव्हा त्याच सभागृहात यायचं ते खाली समोरच्या बाकावर, खासदारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला, आणि वर खुर्चीत चौदांपैकी दुसरंच कोणीतरी.