सातशे अकरा नंबरची तूर

ही रांग बियाण्याची आहे. १८ मे हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा वर्धापनदिन. १९७२ साली या दिवशी विद्यापीठ स्थापन झाले आणि दरवर्षी याच दिवशी खरीप शेतकरी मेळावा भरून विद्यापीठाच्या बियाण्याची विक्री सुरू होते. मे महिन्याच्या उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळून उभ्या असलेल्या या शेतकऱ्यांपैकी फार थोड्यांना विद्यापीठातील विभागांची नावे सांगता येतील. वाणांचे आकडे मात्र सगळ्यांना पाठ आहेत. सोयाबीनचा ‘एकाहत्तर’, तुरीचा ‘सातशे अकरा’. एमएयूएस-७१ आणि बीडीएन-७११ ही त्यांची कागदावरची नावे.

परभणीत शेतीसंशोधनाला सुरुवात झाली ती निजाम राजवटीत, १९१८ साली स्थापन झालेल्या प्रयोगक्षेत्रावर. कृषी महाविद्यालय आले १९५६ मध्ये, आणि विद्यापीठासाठी तर मराठवाड्याला आंदोलन करावे लागले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य इथे थोडे थट्टेने आणि थोडे अभिमानाने म्हटले जाते. बियाण्याच्या बाबतीत त्यातला थट्टेचा भाग जरा कमी करायला हरकत नाही.

मात्र हे विद्यापीठ परभणीच्या प्रवेशद्वारातून पूर्ण दिसत नाही. कापसाचे काम नांदेडला चालते, गळीतधान्यांचे लातूरला, फळझाडांचे छत्रपती संभाजीनगरच्या मोगलकालीन हिमायतबागेत, आणि कडधान्यांचे जालना जिल्ह्यातील बदनापूरला. बीडीएन-७११ मधील ‘बीडीएन’ ही अक्षरे बदनापूरचीच.

बदनापूरला थोडे थांबू. तुरीचे दोन मोठे शत्रू आहेत. पहिला मर रोग: जमिनीतील बुरशी मुळांवाटे झाडात शिरते आणि ऐन फुलोऱ्यात उभे झाड वाळते. दुसरा वांझ रोग, ज्यात झाड हिरवेगार राहते, पण त्याला शेंग धरत नाही. मर रोगाला दाद न देणारे झाड शोधायचे, तर आधी रोग हाताशी हवा. म्हणून संशोधक शेताचा एक तुकडा मुद्दाम रोगट ठेवतात. जी बुरशी आपल्या रानात येऊ नये म्हणून शेतकरी पिकाची फेरपालट करतो, तीच इथे वर्षानुवर्षे सांभाळली जाते. रोगाने मेलेल्या झाडांचे अवशेष पुन्हा याच मातीत मिसळले जातात. या मातीत शेकडो ओळी पेरायच्या आणि वाचलेली झाडे पुढच्या वर्षासाठी निवडायची, असे हे काम आहे. वांझ रोगाची चाचणी तर पाहणाऱ्याला गमतीशीर वाटावी. हा रोग एक सूक्ष्म कोळी पसरवतो. रोगट पान निरोगी रोपाच्या कोवळ्या पानावर ठेवून कार्यालयातल्या साध्या स्टेपलरने टाचायचे. रोगट पान सुकू लागले की कोळी आपोआप निरोगी पानावर उतरतात.

अशा चाळणीतून बीएसएमआर-७३६ आणि बीएसएमआर-८५३ हे वाण निघाले. त्यानंतरचा बीडीएन-७११ साधारण पाच महिन्यांत हाती येतो, आणि मराठवाड्यात ही गोष्ट उत्पादनाच्या आकड्याइतकीच मोलाची आहे. येथील बहुतेक तूर कोरडवाहू. पाऊस सप्टेंबरअखेर पाठ फिरवतो, हलक्या जमिनीतील ओल झपाट्याने उडते आणि उशिरा येणाऱ्या वाणाच्या शेंगा दाणे भरण्याच्या वेळी पोचट राहतात. संकरापासून वाण प्रसारित होईपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. सुरुवात करणारा पैदासकार अनेकदा मध्येच निवृत्त होतो, आणि त्याच्या नोंदवहीतील ओळी पुढच्या माणसाच्या हाती येतात.

विद्यापीठाची सगळीच कामे अशी टिकली असे नाही. १९८५ च्या सुमारास आलेली ‘परभणी क्रांती’ भेंडी हिचे उदाहरण घ्या. केवडा या विषाणूजन्य रोगाला तोंड देण्याची ताकद तिने भेंडीच्या एका रानटी नातेवाइकाकडून घेतली होती, आणि परभणीचे नाव तिने देशभरच्या भाजीमळ्यांत नेले; पुढे विषाणू बदलत गेला आणि ती ताकद ओसरली. नांदेडचा एनएचएच-४४ हा संकरित कापूस १९८४ पासून राज्यभर गाजला. २००२ नंतर बीटी बियाण्यांच्या लाटेत तो मागे पडला, आणि महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळाच्या साहाय्याने त्याला बीटी रूपात परत आणण्याची वेळ आली. उशीर झाला, हे मान्य केले पाहिजे.

सोयाबीन आणि तुरीच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागत नाही. आज या रांगेतून गेलेल्या एका पिशवीतून पुढच्या वर्षी घरचे बियाणे होते, त्यातले थोडे मेहुण्याच्या गावी जाते, थोडे शेजारच्या बांधावर. या प्रवासाची नोंद विद्यापीठाच्या कोणत्याही हिशेबात येत नाही. खरे सांगायचे तर हा विद्यापीठाचा सर्वांत मोठा विस्तार आहे.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, परभणीत रबी मेळाव्यासाठी पुन्हा गर्दी होते. तेव्हा विचारणा असते ‘परभणी मोती’ आणि ‘परभणी ज्योती’ या ज्वारीच्या वाणांची. पण त्याआधी मृगाचा पाऊस पडतो आणि रोगट तुकड्यात नव्या ओळींची पेरणी होते. दर काही ओळींनंतर एक ओळ मर रोगाला हमखास बळी पडणाऱ्या तुरीची असते. फुलोऱ्यापर्यंत ती ओळ वाळली, की माती अजून कामाची आहे अशी नोंद वहीत होते.