हातातोंडाशी आलेला घास: 2020 मध्ये कांब्यूर आणि द ग्राफस्खापचं काय झालं?

नमस्कार मंडळी!

[स्क्रीनवर: गुणतालिका]

आधी ही गुणतालिका नीट बघून घ्या. मार्च 2020, नेदरलँड्सची दुसऱ्या दर्जाची फुटबॉल लीग, एर्स्टे डिव्हिजी. पहिल्या जागेवर कांब्यूर, 29 सामन्यांत 66 गुण. दुसऱ्या जागेवर द ग्राफस्खाप, 62 गुण. तिसरा फोलेंडाम, 55 वर. हंगाम 38 सामन्यांचा, म्हणजे नऊ सामने उरलेले. पहिले दोन संघ थेट वरच्या लीगमध्ये, एरेडिव्हिजीत जाणार, हे हंगाम सुरू होण्याआधीच ठरलेलं होतं.

त्या वर्षी वर कोण गेलं? कोणीच नाही. हे कसं झालं, आणि मला ते आजही का खटकतं, ते आज तुमच्याशी बोलायचंय.

हे दोन क्लब कुठले, ते आधी सांगतो. कांब्यूर लीवार्डनचा. देशाच्या उत्तरेला फ्रिसलंड नावाचा प्रांत आहे, तिथली भाषासुद्धा वेगळी, फ्रिजियन. त्या प्रांताची राजधानी म्हणजे लीवार्डन. द ग्राफस्खाप पूर्वेकडचा, जर्मनीच्या सीमेजवळच्या डूटिनखेम या लहान शहराचा. आजूबाजूचा सगळा आख्टरहूक भाग शेतीवाडीचा, म्हणून या संघाला 'सुपरबुरन' म्हणतात. बुरन म्हणजे शेतकरी. एकेकाळी चिडवायला वापरला जाणारा शब्द यांनी अभिमानानं मिरवला. मला हा क्लब आवडतो तो यासाठीच.

कांब्यूर 2016 साली एरेडिव्हिजीतून खाली आला होता. द ग्राफस्खाप तर 2019 मध्येच घसरला होता. आणि वरच्या आणि खालच्या लीगमध्ये फरक फक्त मानाचा नसतो. टीव्हीचा पैसा, प्रायोजक, घरच्या मैदानावर आयाक्स आणि फायनोर्डसारखे मोठे संघ खेळायला येणं, चांगला खेळाडू क्लबमध्ये टिकणं, सगळंच बदलतं. छोट्या शहराच्या क्लबसाठी एका वर्षाची पदोन्नती पुढच्या पाच वर्षांचं गणित बदलू शकते.

मग कोरोना आला. 12 मार्चला फुटबॉल थांबलं. 31 मार्चला डच फुटबॉल संघटनेनं, केएनव्हीबीनं, हौशी फुटबॉलच्या सगळ्या लीग गुंडाळल्या. तिथे ना विजेता, ना पदोन्नती, ना घसरण. व्यावसायिक लीगबद्दल मात्र आशा होती, उन्हाळ्यात रिकाम्या स्टेडियममध्ये का होईना, उरलेले सामने खेळवायचे. 21 एप्रिलला पंतप्रधान मार्क रुटे यांनी मोठ्या कार्यक्रमांवरची बंदी 1 सप्टेंबरपर्यंत वाढवली, आणि त्या बंदीत प्रेक्षकांविना होणारं व्यावसायिक फुटबॉलही आलं. तिथेच हंगाम संपला. यात कोणाची चूक नव्हती. माणसं मरत होती, खेळ थांबायलाच हवा होता. माझी तक्रार त्याबद्दल नाही.

प्रश्न होता, अर्धवट राहिलेल्या गुणतालिकेचं करायचं काय?

24 एप्रिलला केएनव्हीबीनं सगळ्या 34 व्यावसायिक क्लबांची ऑनलाइन बैठक घेतली. पदोन्नती आणि घसरण व्हावी का, यावर मत विचारलं. 16 क्लब म्हणाले हो. 9 म्हणाले नाही. आणि 9 तटस्थ राहिले.

या आकड्यांवर जरा थांबूया, कारण सगळं इथेच अडकलं. 'हो' म्हणणारे 'नाही' म्हणणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दुप्पट. पण 34 पैकी बहुमताला 18 लागतात, आणि मिळाले 16. तटस्थ राहिलेल्या नऊ मतांनी प्रत्यक्षात 'नाही'चंच काम केलं. स्पष्ट बहुमत नाही, म्हणून निर्णय केएनव्हीबीनं स्वतः घेतला. विजेता जाहीर करायचा नाही, कोणी वर जायचं नाही, कोणी खाली यायचं नाही.

एरेडिव्हिजीत आयाक्स आणि एझेड दोघांचे 56 गुण होते, गोलफरकावर आयाक्स पुढे. तिथेही विजेता नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच नेदरलँड्स विजेत्याविना राहिलं. आणि तळाला? 26 सामन्यांत फक्त 15 गुण मिळवलेला वालवेकचा आरकेसी आणि 19 गुणांचा आडो देन हाग. दोघंही वाचले.

आता माझा मुद्दा ऐका. युरोपातल्या स्पर्धांना डच संघ पाठवायचे होते. ते कशावरून ठरवले? याच अर्धवट गुणतालिकेवरून! पहिले दोघे चॅम्पियन्स लीगच्या वाटेला, पुढचे तिघे युरोपा लीगच्या. पाचव्या विलेम टूपेक्षा सहावा उट्रेख्त तीन गुणांनी मागे होता, पण एक सामना कमी खेळलेला, आणि त्याचा गोलफरक सरस. शिवाय तो डच कपच्या अंतिम फेरीत पोचला होता, तो सामनाही झाला नाही. तरी उट्रेख्त बाहेर.

म्हणजे वरच्या लीगची अर्धी तालिका कोट्यवधी युरोंची युरोपीय तिकिटं वाटायला चालली. खालच्या लीगची तशीच तालिका दोन संघांना एक पायरी वर चढवायला चालली नाही. एक तर तालिका ग्राह्य धरा, नाहीतर धरू नका. तिकडे फ्रान्सनंही हंगाम मधेच संपवला, पण लोरियाँ आणि लांस या दोन संघांना तिथल्या तालिकेवरूनच वर नेलं.

दुसरी बाजू मी लपवणार नाही, कारण तिच्यात खरंच वजन आहे. कांब्यूर तिसऱ्या क्रमांकाच्या 11 गुण पुढे होता, पण नऊ सामन्यांत 27 गुण मिळू शकतात. द ग्राफस्खापची आघाडी तर सातच गुणांची. आकड्यांनी काहीच पक्कं झालेलं नव्हतं. आणि ज्यांना खाली ढकलायचं, त्या आरकेसीनं विचारलंच असतं, आमचे आठ सामने बाकी असताना आम्हाला बुडवणारे तुम्ही कोण? पुढच्या हंगामात आरकेसी पंधरावा आला आणि स्वतःच्या हिमतीवर टिकला, हेही लक्षात घ्या.

मग दोघांना वर घ्यायचं, कोणालाच खाली ढकलायचं नाही, एका वर्षासाठी 18 ऐवजी 20 संघांची लीग करायची, असं का नाही केलं? ही कल्पनाही पुढे आली होती. पण युरोपातल्या देशांची युरो स्पर्धा पुढे ढकलून 2021 च्या उन्हाळ्यात गेली होती, आणि 20 संघ म्हणजे प्रत्येकाला चार सामने जास्त. वेळापत्रकाचं कारण खोटं नव्हतं. पण प्रत्येक क्लबला चार सामने जास्त खेळावे लागणं आणि दोन क्लबांचं अख्खं वर्ष मातीत जाणं, यात मला दुसरं नुकसान फार मोठं वाटतं.

कांब्यूरचे प्रशिक्षक हेंक द यॉंग कॅमेऱ्यासमोर संतापले. स्वतः फ्रिसलंडचा माणूस, आणि डच खेळांच्या इतिहासातली ही सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे, अशा अर्थाचं बोलले. दोन्ही क्लब उट्रेख्तच्या न्यायालयात गेले. 14 मे रोजी निकाल आला, केएनव्हीबीच्या बाजूनं. अशा विलक्षण परिस्थितीत निर्णय घ्यायचा अधिकार संघटनेला होता, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्यानं विषय मिटला.

[स्क्रीनवर: 2020-21 ची गुणतालिका]

पुढच्या हंगामात कांब्यूरनं काय केलं बघा. तेच प्रशिक्षक, 38 सामन्यांत 92 गुण, पहिला क्रमांक. रॉबर्ट म्यूरेन या स्ट्रायकरनं एकट्यानं 38 गोल केले. कोणाच्या मतदानावर काही सोडायचंच नाही, असं ठरवून खेळल्यासारखा तो संघ खेळला, आणि एरेडिव्हिजीत गेला. ते सामने बघताना मला मनापासून आनंद झाला होता.

पण सुपरबुरन?

शेवटच्या फेरीआधी द ग्राफस्खाप दुसऱ्या जागेवर होता, गो अहेड ईगल्सच्या दोन गुण पुढे. समोर हेल्मोंड स्पोर्ट. जिंकलं की वर. 90 मिनिटं संपली, सामना 0-0. तिकडे गो अहेडनं 1-0 असा विजय मिळवला. दोघांचेही 77 गुण, आणि गोलफरकावर गो अहेड वर गेला. वर जायची आणखी एक जागा ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीच्या सामन्यांत, रोडा जेसीनं द ग्राफस्खापला बाहेर काढलं. आणि त्याच प्लेऑफमधून वर कोण गेलं? लीगमध्ये सातव्या क्रमांकावर राहिलेला नायमेखनचा एनईसी.

2020 मध्ये 62 गुणांवर दुसरा असताना नियमाप्रमाणे द ग्राफस्खापची जागा वर होती, पण हंगाम पुरा झाला नाही. 2021 मध्ये हंगाम पुरा झाला, अगदी शेवटच्या मिनिटापर्यंत, आणि तेव्हाही डूटिनखेमची माणसं खालच्या लीगमध्येच राहिली.