भगवानदादांचा नाच

(दृश्य: लालबाग-परळ. गिरणीची उरलेली चिमणी, तिच्यामागे काचेचे टॉवर.)

या चिमणीखाली पाळी सुटली, की माणसांचा लोंढा रस्त्यावर यायचा. त्यातले काही तालमीकडे वळायचे, काही भजनाला जायचे आणि पगाराच्या आठवड्यात बरेचसे सिनेमाला. तिकीट पिटातलं. पडद्याच्या अगदी समोर, मान वर करून बघायची जागा. शिट्टी तिथूनच वाजायची. सिनेमा आवडला नाही तर ते कळायचंही तिथूनच.

पिटातल्या याच माणसासाठी एका गिरणी कामगाराच्या मुलाने सिनेमे केले. त्याचं नाव भगवान आभाजी पालव. पडद्यावर तो मास्टर भगवान होता आणि लोकांच्या तोंडी भगवानदादा.

(दृश्य: तालमीतली लाल माती. दोन पोरं लंगोट कसून खडाखडी करतायत.)

जन्म १ ऑगस्ट १९१३चा. वडील गिरणीत, आणि थोडे दिवस मुलानेही मजुरी केली. पण जीव अडकलेला दोन ठिकाणी, आखाड्यात आणि मूकपटात. त्या काळी पोरांचा हिरो होता मास्टर विठ्ठल. तलवार चालवणारा, घोड्यावरून झेप घेणारा. पुढे १९३१ साली आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ आला, त्याचाही नायक तोच. तालमीत घुमणाऱ्या भगवानला पडद्यावर जायचं होतं ते विठ्ठलसारखं. शरीर तयार होतं. उंची बेताची, चेहरा चारचौघांसारखा. मूकपटात शिरकाव झाला तो त्या कमावलेल्या शरीराच्या जोरावर.

(दृश्य: जुनी पोस्टर, एकामागून एक.)

या पोस्टरांवर जरा थांबू या. इतर माहितीपट हा भाग दोन वाक्यांत उरकतात, आणि दादांवर खरा अन्याय होतो तो इथेच.

१९३८ साली त्यांनी ‘बहादूर किसान’ हा चित्रपट सहदिग्दर्शक म्हणून केला. त्यानंतर स्टंटपटांची रांग लागली. मारामाऱ्या, पाठलाग, गच्चीवरून उड्या, मध्येच एखादं गाणं आणि हशा. हे सिनेमे अगदी थोड्या भांडवलात व्हायचे, आणि ते कसे व्हायचे हे समजून घेण्यासारखं आहे. नायक स्वतः, दिग्दर्शक स्वतः. नटांच्या कपड्यांचं काय, हे दादांनी बघायचं. युनिटच्या जेवणाची सोय दादांनी करायची. उडी मारायची तर तीही स्वतःच. आज एका सिनेमात ज्या कामांना वेगवेगळे विभाग असतात, ती सगळी कामं एक माणूस अंगावर घ्यायचा आणि संध्याकाळी रिळं किती खर्ची पडली याचा हिशेबही करायचा. कॅमेरा कुठे ठेवला की ठोसा खरा वाटतो, हे त्यांनी कुठल्या शाळेत शिकलेलं नव्हतं. सेटवर उभं राहून, बघून, करून शिकले.

त्यातले बहुतेक सिनेमे आज पाहायला मिळत नाहीत. म्हणून आपल्याला पोस्टरवरच थांबावं लागतंय. पण ज्या माणसाने वर्षानुवर्षं पिट भरून दाखवला, त्याला सिनेमा कळत होता. तो नशिबाने एकदा हिट झाला, असं म्हणणं मला मान्य नाही.

यातली एक गोष्ट तर फारशी कुणाला माहीत नसते. १९४१मध्ये दादांनी एक तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला, ‘वनमोहिनी’. दादरचा मराठी माणूस, तमिळ नट, जंगलातली कथा, त्यात हत्ती. या चित्रपटाला संगीत देणाऱ्या तरुणाचं नाव राम चितळकर. पुणतांब्याचा हा मुलगा पुढच्याच वर्षी दादांच्या ‘सुखी जीवन’मुळे हिंदीत लोकांच्या लक्षात आला. आपण त्याला सी. रामचंद्र म्हणून ओळखतो. चितळकर अण्णांचं संगीत देशभर गाजायच्या कितीतरी आधी त्यांच्यावर विश्वास टाकणारा दिग्दर्शक एक स्टंटपटवाला होता, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं.

१९४२ साली दादांची जागृती पिक्चर्स ही चित्रसंस्था निघाली, १९४७मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ. याच १९४२मधली एक दुर्दैवी घटनाही सांगायला हवी. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात दादांनी मारायची थप्पड ललिता पवारांना जोरात लागली. त्यांचा चेहरा लुळा पडला, डावा डोळा कायमचा अधू झाला, नायिका म्हणून असलेली कारकीर्द तिथेच संपली.

(दृश्य: ‘अलबेला’ची श्रेयनामावली.)

स्टंटपट सोडून एखादा सामाजिक चित्रपट कर, असं राज कपूरने सुचवलं. दादांनी मनावर घेतलं आणि १९५१ साली ‘अलबेला’ आला.

गोष्ट प्यारेलालची. तुटपुंज्या पगारात भागवणारं घर, लग्नाची बहीण, आणि या पठ्ठ्याच्या डोक्यात नाटकाचं वेड. घरातून बाहेर पडतो, रंगमंचावर नाव कमावतो. समोर गीता बाली. गाणी राजेंद्र कृष्ण यांची, संगीत सी. रामचंद्र यांचं आणि दादांचा पडद्यावरचा आवाजही त्यांचाच, ‘चितळकर’ या नावाने गायलेला. जोडीला लता मंगेशकर. ‘शाम ढले खिडकी तले’, ‘भोली सूरत दिल के खोटे’, ‘शोला जो भडके’, आणि या सगळ्या धमालीत अलगद येणारी ‘धीरे से आजा री अंखियन में’ ही अंगाई. एका सिनेमात इतकं सगळं. त्या वर्षी ‘आवारा’ही होता, ‘बाजी’ही होता. त्यांच्या रांगेत स्टंटपटवाल्याचा ‘अलबेला’ जाऊन बसला.

(दृश्य: ‘भोली सूरत’. चित्र मंद गतीने.)

आता गती कमी केली आहे, नीट बघा. पाय जमिनीवरून जेमतेम सुटतायत. पाऊल टाकलं, अर्धं मागे घेतलं. कोपरं दुमडलेली, हात खांद्याच्या उंचीवर. एक खांदा खाली गेला की दुसरा वर येतो, मान त्याच्या उलट्या बाजूला कलते. गिरकी नाही, उडी नाही. आयुष्यभर गच्चीवरून उड्या मारणारा माणूस नाचताना एकही उडी मारत नाही! अंग भरलेलं आहे, ते लपवायचा प्रयत्न नाही. ठेका पोटात धरलाय आणि चेहऱ्यावर भाव असा, की बघ, तुलाही जमेल.

शेजारी गीता बाली. लय तिच्या अंगात होती आणि संकोच नव्हता. ती दादांच्या बरोबरीने मजा घेते, त्यांना हसत नाही. या जोडीचं अर्धं श्रेय तिचं आहे.

शास्त्रीय नाच बघताना आपण खुर्चीत बसून दाद देतो. हा नाच बघताना खुर्चीत बसवत नाही. पिटातला माणूस पडद्याकडे बघत बाकावरून उठायचा, कारण त्याच्यासारख्याच बांध्याचा, त्याच्याच वस्तीतला माणूस वर नाचत होता. अमिताभ बच्चन यांच्या नाचात ही चाल ओळखू येते. कोपरं तीच, खांदे तेच. उंची मात्र फुटाने वाढलेली.

(दृश्य: दादर. चाळीचा जिना, गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेले कपडे.)

‘अलबेला’नंतर जुहूला बंगला झाला, दारात गाड्या आल्या. १९५३चा ‘झमेला’, १९५६चा ‘भागम भाग’. पुढचे सिनेमे चालले नाहीत. बंगला गेला, स्टुडिओ गेला, गाड्या गेल्या आणि दादा दादरच्या चाळीत राहायला आले. मिळतील त्या छोट्या भूमिका करत राहिले. ‘झनक झनक पायल बाजे’, ‘चोरी चोरी’ यांसारखी ठळक कामं मोजकीच. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरलाच त्यांचं निधन झालं.

बंगला ते चाळ. दादांवर जे काही लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक याच तीन शब्दांभोवती फिरतं. ही चाळ नीट बघा. गिरणी कामगाराचा मुलगा जिथे वाढला, तसलंच हे घर, तसलेच शेजारी, खाली तसाच रस्ता. ज्यांच्यासाठी सिनेमे केले, ती माणसं भिंतीपलीकडे राहत होती.

(दृश्य: विसर्जनाची मिरवणूक. ताशा, बेंजो, गुलाल.)

गणपतीची मिरवणूक या चाळीसमोर आली की थांबायची. बेंजोवर ‘भोली सूरत’ सुरू व्हायचं आणि माणसं वर बघत उभी राहायची. वय झालेले दादा खाली यायचे, तीच दोन पावलं टाकायचे. मिरवणूक मग पुढे सरकायची. बेंजोच्या तालावर आज नाचणारी ही पोरं बघा. यातल्या किती जणांनी ‘अलबेला’ पाहिलाय कोण जाणे, पण हातांची ठेवण सगळ्यांनी उचललेली आहे.

(दृश्य: ‘एक अलबेला’चं पोस्टर.)

२०१६ साली दादांच्या आयुष्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई भगवानदादा झाले, विद्या बालन गीता बाली झाली. एका कसलेल्या नटाला तो नाच अंगात उतरवावा लागला. आपण मात्र वरातीत सहज नाचून मोकळे होतो.

(दृश्य: ‘शोला जो भडके’ची पहिली चौकट, थांबलेली.)

‘अलबेला’ सुदैवाने शाबूत आहे, तेव्हा हे गाणं तोडून दाखवत नाही. सुरुवातीला कान बोंगोकडे जातील, मग डोळे गीता बालीकडे. जाऊ द्या. दुसरं कडवं लागलं, की दादांच्या खांद्यांकडे बघायला लागा.

(गाणं पूर्ण.)