तिहान्यची हाक

हंगेरीतलं बालाटन सरोवर. उत्तरेच्या काठावरून जमिनीचं एक टोक थेट पाण्यात शिरलंय. वर टेकडीवर दोन मनोऱ्यांचं चर्च दिसतंय ना, ते तिहान्य गाव.

चर्चजवळच्या एका उंचवट्यावरून भिंतीकडे तोंड करून हाक मारायची, की भिंत ओ द्यायची. कवितेची अख्खी ओळ परत यायची म्हणतात. गावकऱ्यांच्या लेखी तो आवाज एका राजकन्येचा. सोनेरी केसांच्या शेळ्या राखायची ती. सरोवराच्या राजाचा मुलगा तिच्यावर जीव लावून बसला. तिनं झिडकारलं, आणि तो झुरून गेला. मग त्याच्या बापानं तिला शाप दिला: शेळ्या पाण्यात बुडाल्या, आणि तिच्या नशिबी आलं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाकेला ओ देणं.

त्या शेळ्यांची नखं लाटांबरोबर आजही काठाला लागतात. ही पाहा. पूर्वी गावातली पोरं ती पाहुण्यांना विकायची. खरं तर हे शिंपल्यांचे जीवाश्म. लाखो वर्षांपूर्वी इथे फार मोठं सरोवर होतं, त्यातल्या शिंपल्यांचे जाड कोपरे पाण्यानं झिजून असे खुरांसारखे झाले. पण हातात घेतलं की आधी शेळीच आठवते!

आता मध्ये घरं आली, झाडं वाढली. प्रतिध्वनी क्षीण झाला.

चला, चर्चच्या खाली उतरू. वरचं चर्च अठराव्या शतकातलं, पण हे बुटके, जाडजूड खांब अकराव्या शतकातले. इथे 1060 साली राजा पहिला आंद्राश याला पुरलं. हा मठ त्यानंच 1055 मध्ये स्थापला.

मठाला दिलेल्या जमिनींची सनद लॅटिनमध्ये आहे. मूळ प्रत आज पान्नोनहाल्माच्या मठात जपलेली. चतुःसीमा सांगताना मात्र लेखनिकानं तिथल्या लोकांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवले. मला या गावात सगळ्यात मोलाची वाटते ती ही ओळ:

"फेहेरवारु रेआ मेनेह होदु उतु रेआ."

म्हणजे, फेहेरवार शहराकडे जाणाऱ्या लष्करी वाटेपर्यंत. बस, एवढंच. हंगेरियन भाषेतले इतके जुने शब्द मूळ दस्तऐवजात दुसरीकडे कुठे टिकलेले नाहीत. आजचा हंगेरियन माणूस ते वाचताना जरा अडखळतो, पण फेहेरवारची वाट त्याला सापडते.