पन्नास गोळ्यांचा डबा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या कोकणातल्या घरी बारा बोअरची बंदूक होती. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची, वानर आणि रानडुकरं हाकलायला. बंदूक माजघरात खुंटीला टांगलेली असे, सगळ्यांना दिसेल अशी. काडतुसं मात्र कपाटात, कुलपात, आणि किल्ली आजोबांच्या कमरेला. परवान्याच्या पुस्तकात दोन आकडे लिहिलेले होते: एका वेळी किती काडतुसं घरात ठेवायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची. नवी आणायला गेलं की जुन्या पुंगळ्या बरोबर न्यायच्या. त्या मोजायचं काम माझं. लहानपणी मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असणार.

तसं नसतं. काडतुसाकडे प्रत्येक देश वेगळ्या नजरेनं बघतो, आणि ती नजर त्या देशाला आजवर कुणाची भीती वाटत आली त्यावरून ठरते. आज मला तेच सांगायचं आहे.

सुरुवात स्वित्झर्लंडपासून करते. तिथं सैन्य म्हणजे बहुतांशी साधे नागरिक. ठरावीक दिवस सेवा करायची, मग आपल्या कामधंद्याला लागायचं. रायफल मात्र घरी न्यायची. तिच्याबरोबर कित्येक दशकं सरकार एक सीलबंद पत्र्याचा डबा देत असे. त्यात पन्नास गोळ्या. शत्रूनं हल्ला केला आणि जमवाजमवीचा हुकूम सुटला, तर घरापासून आपल्या तुकडीपर्यंत वाट काढत जाता यावं म्हणून. एरवी तो डबा उघडायचा नाही. तपासणीला सील शाबूत दिसलं पाहिजे. एखाद्या खाटकाच्या नाहीतर शाळामास्तरांच्या माळ्यावर सरकारच्या पन्नास गोळ्या पडून आहेत आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही! मला यात त्या लोकांचा एकमेकांवरचा विश्वास दिसतो आणि त्याबद्दल आदरही वाटतो. त्यांची भीती सीमेपलीकडची होती. शेजारच्या घराची भीती त्यांना नव्हती.

२७ सप्टेंबर २००१ रोजी, अमेरिकेतल्या हल्ल्यांना जेमतेम दोन आठवडे झाले असताना, त्सुग नावाच्या शहरात एक माणूस प्रांतिक विधिमंडळाच्या सभागृहात शिरला. प्रशासनाविरुद्धच्या तक्रारी मनात साचलेला हा माणूस तिथलाच होता. त्यानं चौदा जणांना ठार केलं आणि मग स्वतःला संपवलं. त्याची रायफल लष्करानं दिलेली नव्हती, खासगीरीत्या घेतलेली होती. पण प्रश्न घराघरांत पोचला. आपल्या बायका-मुलांच्या घरात हे दारूगोळ्याचे डबे कशाला? पुढची काही वर्षं ही चर्चा चालू राहिली. घरात होणारे खून आणि आत्महत्या यांचा मुद्दा स्त्रियांनी लावून धरला. अखेर २००७ मध्ये संसदेनं ठरवलं: डबे परत घ्या. पुढच्या काही वर्षांत ते गोळा झाले.

इथं जरा थांबते, कारण मला हा सगळा प्रकार फार शहाणपणाचा वाटतो. रायफल घरी ठेवायची परंपरा त्यांनी मोडली नाही. त्यांनी फक्त गोळी काढून घेतली. २०११ साली शस्त्रांवर आणखी कडक बंधनं आणण्याचा प्रस्ताव सार्वमताला आला, तेव्हा सुमारे छप्पन्न टक्के लोकांनी तो नाकारला. मग पॅरिसमध्ये नोव्हेंबर २०१५ चा हल्ला झाला, १३० माणसं मारली गेली. त्याआधी त्याच वर्षी जानेवारीत तिथं जे हल्ले झाले, त्यांतल्या काही बंदुका निकामी करून स्लोव्हाकियात उघड विकल्या गेल्या होत्या; कुणीतरी त्या पुन्हा दुरुस्त करून चालत्या केल्या होत्या. युरोपीय संघानं २०१७ साली नियम आवळले. ते स्वीकारायचे की नाही यावर २०१९ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये पुन्हा मतदान झालं, आणि या वेळी जवळजवळ चौसष्ट टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं. आठ वर्षांत लोकांचा कल असा बदलला. नियम नाकारले तर शेजाऱ्यांशी असलेली मोकळी सरहद्द गमावण्याची धास्ती हेही त्यामागचं मोठं कारण होतं, हे सांगायला हवं.

आता अमेरिका. केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८ च्या कायद्यानं काडतुसं विकणाऱ्यावर गिऱ्हाइकाची नोंद ठेवायची सक्ती केली होती. १९८६ मध्ये त्यांतली बहुतेक सक्ती उठवली. तिथल्या फार मोठ्या वर्गाला मुख्य भीती वाटते ती सरकारची. आपल्या घरात किती गोळ्या आहेत हे सरकारला कळणं म्हणजेच धोका, असं ही माणसं मनापासून मानतात. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत दहशतवादी विचारांच्या एका जोडप्यानं चौदा माणसं मारली. त्सुगएवढीच. त्यांच्या घरी हजारो काडतुसं सापडली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी सिनेटपुढे प्रस्ताव होता, दहशतवादाच्या संशयितांच्या यादीतल्या माणसाला शस्त्रं विकू नयेत असा. तो फेटाळला गेला. कॅलिफोर्नियानं मात्र वर्षभरात स्वतःच्या राज्यात सार्वमत घेतलं, आणि १ जुलै २०१९ पासून तिथं काडतूस घेतानाही गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला सुरुवात झाली. त्याविरुद्ध खटलेही उभे राहिले.

आणि आपण? आपल्या कायद्याचं मूळ १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. सत्तावनचा उठाव सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता. परवाना लागायचा तो हिंदी माणसाला. युरोपियनांना सूट होती. म्हणजे या कायद्याला भीती होती ती प्रजेची. १९५९ साली स्वतंत्र भारतानं नवा कायदा केला, वर्णभेद तर त्याआधीच गेला होता, पण शस्त्राबद्दलचा संशय मात्र टिकून राहिला. माझ्या आजोबांच्या पुस्तकातल्या त्या दोन आकड्यांचा उगम मला तिथं दिसतो. आजही निवडणुकीची आचारसंहिता लागली की कोकणातले कितीतरी शेतकरी आपली बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून येतात, आणि नेमकी त्याच दिवसांत डुकरं शेतात शिरतात.

मी त्या मोजदादीच्या विरोधात नाही. उलट, ती असायलाच हवी. माझी तक्रार वेगळी आहे. १९९३ च्या मार्चमध्ये मुंबईत २५७ माणसं गेली. त्या कटातली स्फोटकं रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली होती. २००८ च्या नोव्हेंबरात दहा जण समुद्रातून आले आणि १६६ जीव गेले. त्यांच्या हातातल्या गोळ्यांनी कुठलाही परवाना पाहिला नव्हता. आपण मोजतो ते शेतकऱ्याचं काडतूस. मग सरकारी कोठारातलं कोण मोजतं?

एप्रिल २०१० मध्ये छत्तीसगडमधल्या दंतेवाड्यात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात ७६ जवान मारले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर प्रदेशात रामपूरला एक प्रकरण उघडकीला आलं: पोलीस आणि केंद्रीय राखीव दलाच्या शस्त्रागारांतून काडतुसं बाहेर विकली जात होती. ती नक्षलवाद्यांपर्यंत पोचत होती, असं तपास यंत्रणेचं म्हणणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयानं २४ जणांना दोषी ठरवलं, त्यांतले बहुतेक गणवेशातले. हे वाचलं तेव्हा मला आधी आठवलं ते गडचिरोलीतलं लाहेरी. २००९ च्या ऑक्टोबरात तिथल्या जंगलात आपले १७ पोलीस गेले. त्यांना लागलेल्या गोळ्या कुठून आल्या होत्या हे मी सांगू शकत नाही. पण ज्या गोळ्या एका जवानाच्या रक्षणासाठी काढल्या, त्याच दुसऱ्याच्या छातीकडे जाऊ शकतात, या विचारानं झोप उडते.

ब्राझीलनं यावर एक उपाय शोधला. २००३ च्या कायद्यानं सरकारी दलांना विकलेल्या काडतुसांवर तळाशी खेपेचा क्रमांक कोरणं सक्तीचं केलं. मार्च २०१८ मध्ये रिओच्या नगरसेविका मारिएल फ्रांकू यांची गोळ्या घालून हत्या झाली, तेव्हा रस्त्यावर पडलेल्या पुंगळ्यांवरून कळलं, की ही खेप २००६ साली थेट ब्राझीलच्या संघीय पोलिसांना विकलेली होती. ती खेप भलतीच मोठी होती, त्यामुळे नेमका कुठून पाय फुटला ते समजणं अवघड गेलं. पण निदान कुणाला जाब विचारायचा, हे तरी ठाऊक झालं.

आजोबा गेल्यावर आम्ही बंदूक रीतसर जमा केली. आता माझ्यापाशी एकच पुंगळी उरली आहे. तिच्या पितळी बुडावर ‘के. एफ.’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे आपल्या पुण्याजवळची खडकी. काडतूस कुठं बनलं ते एवढ्यावरून समजतं. ते कुठल्या पेटीतून, कुठल्या दुकानात, कुणाच्या सहीनं गेलं, हे मला फक्त आजोबांच्या पुस्तकामुळे ठाऊक आहे. तसं पुस्तक प्रत्येक शस्त्रागाराचं असावं, आणि त्यातल्या पुंगळ्या मोजायला बाहेरचा माणूस यावा.

नमस्कार.