एका आठवड्याला एक प्रश्न पुरे

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘चौथीच्या वर्गातला एक आठवडा : भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांची सांगड’. सांगडीकडे येतेच, पण आधी माझं मुख्य म्हणणं सांगून टाकते. आपल्या शाळांत उपक्रम कमी नाहीत, फार झालेत. सोमवारी वाचन, मंगळवारी रांगोळी, बुधवारी कुठला तरी दिन, गुरुवारी मातीकाम, शुक्रवारी बाजार. मूल एका गोष्टीत रमतंय तोवर दुसरी दारात उभी. चौथीच्या मुलाला आठवड्याला एक प्रश्न पुरतो. तो त्याच्या गावातला मात्र हवा.

नाशिकला असा प्रश्न पावसाळ्यात आपोआप येतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घराघरांत एकच विचारणा : मारुतीला कुठवर आलं? रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती या सभागृहात कुणाला सांगायला नको. गुडघा, कंबर, छाती, गळा ही आपली पूर मोजायची पट्टी. आणि पाणी काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेला टेकलं की महापूर.

तर एका सोमवारी परिपाठात एका मुलीनं वर्तमानपत्रातली धरणाच्या विसर्गाची बातमी वाचली. एवढे एवढे हजार क्युसेक. मागून एक मुलगा म्हणाला, “बाई, एक क्युसेक म्हणजे किती बादल्या?”

त्या दिवसाचं टाचण, म्हणजे शिकवण्याची लेखी आखणी, मी बाजूला ठेवलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर, एवढंच फळ्यावर लिहिलं. पुढचं मुलांनी करायचं. खिचडीच्या खोलीतली बादली आणली. लिटरच्या बाटलीनं भरायला घेतली. एक ओततोय, एक मोजतोय, आणि दहा जण भांडताहेत की बाटली गळ्यापर्यंत भरली होती की काठोकाठ. (हे भांडण मी मिटवलं नाही. मोजमापाचा निम्मा धडा त्यातच होता.) बादली निघाली १४ लिटरची. म्हणजे एका क्युसेकला सेकंदाला दोन बादल्या.

मग त्यांना ते करून बघायचं होतं. मैदानात चुन्याची रेघ ओढली, दोन्ही बाजूंना मुलं उभी केली. घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघून एक मुलगी टाळी वाजवणार आणि प्रत्येक टाळीला दोन रिकाम्या बादल्या रेघ ओलांडणार. पहिल्या टाळीला दोघांची डोकी आपटली. दुसऱ्या वेळी बादली शिपाईकाकांच्या पायावर. मुलं हसून हसून खाली बसली, पण खेळ सोडायला कुणी तयार नाही. शेवटी त्यांनीच दोन रांगा केल्या, बादल्या फेकायच्या नाहीत असा नियम केला आणि जेमतेम दहा टाळ्यांपर्यंत टिकली. धापा टाकत एक जण म्हणाला, “बाई, या तर रिकाम्या आहेत. भरलेली एक चौदा किलोची होईल.” लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, हे त्याला पाठ होतंच, त्या दिवशी ते त्याच्या दंडात शिरलं. आणि दुसरा हळूच म्हणाला, “हजार क्युसेक म्हणजे दोन हजार बादल्या. एका सेकंदाला.” सगळे गप्प झाले. मंडळी, मोठ्या संख्येची जाणीव होताना मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिली आहे. ती फळ्यावरच्या शून्यांनी होत नाही.

आता माझी तक्रार. बुधवारी या बादल्यांचा हिशेब मुलं वहीत मांडत होती आणि मोबाईलवर निरोप आला : आज अमुक दिन, घोषवाक्यांचे फलक करून घ्या, दोनच्या आत फोटो लिंकवर टाका. वह्या मिटल्या. तासभर फलक, रांगा, फोटो. मला याचा राग येतो, अजूनही येतो. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलंय. म्हणजे दिवसाला चार तास. त्यातला एक तास फोटोसाठी गेला तर मुलाचा पाव दिवस गेला. आणि फोटोत तो मुलगा फलक धरून उभा दिसतो, त्याचं अर्धं राहिलेलं गणित दिसत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळा त्यांच्या अंगणात नेली. त्यांच्याच महाराष्ट्रात आपण मुलाला त्याच्या कामातून उठवतो, हे मला पटत नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. सांगड आता भरभर सांगते.

गणित झालंच : लिटर, गुणाकार, अंदाज. परिसर अभ्यासासाठी गुरुवारी जमिनीवर खडूनं गोदावरी काढली. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी, गंगापूर धरण, रामकुंड, नांदूरमधमेश्वर, पुढे पैठणचं जायकवाडी. आपल्या बादल्या मराठवाड्यात पोचतात, हे त्यावर चालताना कळलं. पुरात मुलांना घाटावर अजिबात न्यायचं नाही. पाणी ओसरल्यावर एका पालकांनी मारुतीपाशी सुतळी धरून गुडघा, कंबर, छाती, गळा अशा गाठी मारून आणल्या. ती सुतळी खिडकीच्या गजाला टांगली आणि जो तो तिला पाठ लावून उभा. एक मुलगी म्हणाली, “कमरेला पाणी म्हणजे मी बुडाले.”

भाषेसाठी शुक्रवारी घरच्यांच्या मुलाखती. २००८ आणि २०१६चा पूर पालकांना आठवतो, आजी-आजोबांना त्याआधीचेही. प्रश्न मुलांनी काढायचे, शनिवारी त्याची बातमी लिहायची. शुद्धलेखन त्या बातमीतच तपासायचं, त्यासाठी निराळा तास नको.

मागे राहणाऱ्या मुलांचं काय, असं मला नेहमी विचारतात. पाढे न येणारा एक मुलगा बाटल्या मोजताना कागदावर रेघा ओढत होता, पाच-पाचचे गठ्ठे करून. तो कागद मी आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदीला जोडला. वेगळी चाचणी घेतली नाही, गरज नव्हती. आठवड्याच्या टाचणाच्या प्रती मागच्या टेबलावर आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी घ्या.